मोटरचा रिले किती ॲम्पियरवर ठेवावा?



उसाला पाण्याची पाळी आलेली आहे. दोन दिवसांनी लाईट आली आहे. मोटर चालू करून तुम्ही बांधावर जाता, पाणी सरीत वळवता, आणि दहा-पंधरा मिनिटांत पाणी तुटते. माघारी येऊन बघावे तर स्टार्टर पडलेला. परत चालू करावा तर परत तेच. अशा वेळी आपण काय करतो? झाकण उघडतो, आत रिलेवर आकडे आणि एक काटा दिसतो, तो काटा फिरवून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतो. स्टार्टर पडायचा थांबतो, आणि आपल्याला वाटते की दुरुस्ती झाली.

दुरुस्ती झालेली नसते. राखणदाराला झोपवलेले असते.

हे मी दुसऱ्याला नावे ठेवायला लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही दुसऱ्याच्या मोटरीवर. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीला लागून मला वर्षही झाले नव्हते. करवीर तालुक्यात भोगावतीकाठच्या एका गावात ऊस बघायला गेलो होतो. भावकीतल्या चौघांत मिळून साडेबारा एच.पी.ची एक मोटर होती. त्यातले थोरले म्हणाले, "साहेब, सारखा स्टार्टर पडतोय. तुम्ही शिकलेली माणसं, जरा बघा की." मी मोटरीची पाटी वाचली. १८ ॲम्पियर. स्टार्टर उघडला. रिलेचा काटा १०.५ वर. मी म्हटलं, "दादा, मोटर १८ ची, रिले साडेदहावर. पडेल नाहीतर काय होईल? फिरवा वर." त्या रिलेची पट्टी ९ ते १५ ची होती. १५ वर नेला.

तिसऱ्या रात्री मोटर जळाली. उन्हाळ्याचे दिवस होते. रिवाइंडिंग होऊन मोटर परत बसेपर्यंत चौघांची पाळी चुकली. थोरले मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, "मोटर जुनीच होती साहेब." पण मोटर जुनी म्हणून जळाली नव्हती. साडेदहाचा काटा बरोबर होता, माझा सल्ला चुकीचा होता. कसा, ते पुढे सांगतो. शेतीची पदविका घेतलेल्या माणसाला पिकाचे कळते म्हणून मोटरीचे कळतेच असे नाही, हे मला त्या दिवशी समजले. मग मी वायरमन, रिवाइंडिंगवाले आणि जाणकार अभियंत्यांकडे बसून हा विषय शिकून घेतला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

इंजिन कण्हते, मोटर कण्हत नाही

आपल्या जिल्ह्याने ऑईल इंजिनचा जमाना पाहिलेला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तयार झालेली इंजिने गावोगावच्या विहिरींवर धडधडत होती. इंजिनावर भार जास्त पडला की ते कण्हायचे, काळा धूर सोडायचे, गती मंदावायची. लांब बांधावर उभ्या माणसालाही आवाजावरून कळायचे की काहीतरी बिघडले आहे.

विजेच्या मोटरीचे तसे नाही. भार वाढला किंवा व्होल्टेज घटले, तरी ती जवळजवळ त्याच गतीने फिरत राहते. त्यासाठी लागेल तेवढा जादा करंट ती लाईनमधून गुपचूप ओढते. करंट वाढला की वाइंडिंग तापते, आणि ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे करंट सव्वापट झाला तर उष्णता दीडपटीच्या वर जाते, आणि करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोन पट होते. तारेवरचे इन्शुलेशन भाजत जाते. तापमान नेहमीच्या मर्यादेपेक्षा दहा अंश वर राहिले तर इन्शुलेशनचे आयुष्य निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणून काटा वर नेल्यावर मोटर त्याच दिवशी जळेल असे नाही. आज दोन वर्षांचे आयुष्य गेले, उद्या आणखी दोन वर्षांचे गेले, आणि एके रात्री धूर. मग आपण म्हणतो, "काल तर चांगली चालली होती."

मोटरीला कण्हता येत नाही म्हणून तिच्या वतीने ओरडायला स्टार्टरमध्ये रिले बसवलेला असतो.

दोन राखणदार, दोन कामे

मोटरीच्या वाटेवर दोन राखणदार असतात. पहिला फ्यूज, दुसरा ओव्हरलोड रिले. दोघांचे काम एकच आहे असे समजण्यात आपली निम्मी चूक आहे.

फ्यूज आहे शॉर्टसर्किटसाठी. केबल सोलली, दोन फेज एकमेकांना चिकटले, वाइंडिंग बॉडीला लागले, तर शेकड्याने ॲम्पियर वाहतात. ते क्षणात तोडणे हे फ्यूजचे काम. पण मोटर चालू होताना पहिल्या एक-दोन सेकंदांत नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. साडेसात ॲम्पियरची मोटर सुरू होताना ४५ ते ५० ॲम्पियर घेते. त्या धक्क्याला फ्यूज वितळता कामा नये, म्हणून तो मोटरीच्या ॲम्पियरपेक्षा दोन-अडीच पट मोठा ठेवावाच लागतो. म्हणजेच मोटर दीडपट करंट घेऊन भाजत असेल, तर फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिथे दुसरा राखणदार लागतो. रिलेमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. करंटने ती तापते, वाकते आणि स्टार्टर पाडते. सुरुवातीचा एक-दोन सेकंदांचा धक्का तिला चालतो, कारण तेवढ्या वेळात ती तापत नाही. पण थोडासा जादा करंट बराच वेळ वाहिला तर ती सोडत नाही. आपल्याकडे लागू असलेल्या मानकाप्रमाणे, काटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या पाच टक्के वर करंट गेला तर रिले दोन तासांत पडायला नको, आणि वीस टक्के वर गेला तर दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. दीडपट करंट झाला तर शेतीच्या स्टार्टरमधला नेहमीचा रिले तापलेल्या स्थितीत दोन मिनिटांच्या आत पडतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सवलत रिलेच्या आतच दिलेली आहे. "थोडं जास्त ठेवूया, असू दे" म्हणून आपण वर आणखी सवलत द्यायचे कारण नाही.

हा नियम जगभर असाच आहे. अमेरिकेच्या विद्युत संहितेत रिले साधारणपणे मोटरीच्या ॲम्पियरच्या ११५ ते १२५ टक्क्यांपर्यंतच ठेवू देतात, पण त्याच मोटरीचा साधा फ्यूज ३०० टक्क्यांपर्यंत चालतो. एकाच मोटरीला दोन वेगळे आकडे, कारण कामे दोन आहेत. आपल्या देशातही राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ साली निघाली, २०११ आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. तिचा आधार हाच.

थोडक्यात, फ्यूज तारेला राखतो, रिले मोटरीला राखतो.

आपल्या मोटरीचा हिशोब

सगळ्यात आधी मोटरीची पाटी वाचा. तिच्यावर एच.पी., व्होल्ट आणि ॲम्पियर लिहिलेले असतात. आपल्याला हवा तो ॲम्पियर. पाटी गंजून गेली असेल तर ४१५ व्होल्टच्या थ्री फेज मोटरीला एका एच.पी.ला दीड ॲम्पियर हा ठोकताळा धरावा. सबमर्सिबल मोटर त्याच एच.पी.ला थोडा जास्त करंट घेते, तिथे कंपनीचा आकडाच बघावा.

साध्या, म्हणजे थेट चालू होणाऱ्या स्टार्टरसाठी अंदाजे आकडे असे:

३ एच.पी. : पूर्ण भाराचा करंट ५ ॲम्पियर, रिले ५ वर, फ्यूज १५ ॲम्पियर.
५ एच.पी. : करंट ७.५ ॲम्पियर, रिले ७.५ वर, फ्यूज २० ॲम्पियर.
७.५ एच.पी. : करंट ११ ॲम्पियर, रिले ११ वर, फ्यूज २५ ॲम्पियर.
१० एच.पी. : करंट १५ ॲम्पियर, रिले १५ वर, फ्यूज ३० ते ३२ ॲम्पियर.

पाटीवर वेगळा आकडा असेल तर पाटीचा आकडा खरा. आणि पाटी वाचून थांबू नका. एकदा वायरमनला टाँगटेस्टर घेऊन बोलवा. मोटर पूर्ण पाण्यावर असताना तिन्ही फेजचा करंट मोजा. पाच एच.पी.ची मोटर तुमच्या विहिरीवर साडेसहाच ॲम्पियर घेत असेल, तर रिले साताच्या आसपास ठेवला तरी चालेल. तिची राखण आणखी चांगली होईल. पण मोजलेला करंट पाटीपेक्षा जास्त आला तर काटा वर न्यायचा नाही, कारण शोधायचे.

स्टार्टर विकत घेताना रिलेची पट्टीही बघून घ्या. साडेसात ॲम्पियरच्या मोटरीला ६ ते १० पट्टीचा रिले बरोबर बसतो. दुकानात शिल्लक होता म्हणून ९ ते १५ चा गळ्यात मारला, तर त्याचा सगळ्यात खालचा आकडाही तुमच्या मोटरीला वीस टक्के जास्त आहे. तो रिले असून नसल्यासारखा.

रिवाइंडिंग झालेल्या मोटरीची गोष्ट वेगळी. पाटी पाचची आणि आतली तार साडेसातची, असे प्रकार आपल्याकडे होतात. रिवाइंडिंगवाल्याकडून नवीन ॲम्पियर लिहून घ्यावा आणि रंगाने मोटरीवर लिहावा. जादा एच.पी.चा भार डीपीवर पडतो आणि मग सगळ्यांचेच व्होल्टेज बसते, हेही ध्यानात ठेवावे.

स्टार-डेल्टाचे गणित, जे मला माहीत नव्हते

आता माझ्या चुकीकडे येतो. ती साडेबारा एच.पी.ची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती. अशा स्टार्टरमधून मोटरीकडे सहा तारा जातात. बहुतेक स्टार्टरमध्ये रिले हा या सहापैकी तीन तारांत बसवलेला असतो. मोटर डेल्टात पळू लागली की लाईनमधून आलेला करंट मोटरीच्या वाइंडिंगमध्ये वाटला जातो आणि त्या तारेत लाईनच्या ५८ टक्केच करंट वाहतो. म्हणून काटाही पाटीच्या ५८ टक्क्यांवर ठेवायचा असतो.

पाटी १८ ची. १८ गुणिले ०.५८, म्हणजे सुमारे १०.५. कुणा जाणत्या वायरमनने तो काटा अगदी बरोबर लावला होता. मी तो १५ वर नेला. १५ भागिले ०.५८ केले तर जवळजवळ २६ येतात. म्हणजे १८ ॲम्पियरची मोटर लाईनमधून २६ ॲम्पियर ओढेपर्यंत रिले गप्प बसणार होता. मोटरीत दुप्पट उष्णता तयार होत होती आणि राखणदाराला मी सांगून ठेवले होते की बोलू नकोस.

तुमचा स्टार्टर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखायचे कसे? मोटर डेल्टात चालू असताना वायरमनकडून टाँगटेस्टरने दोन ठिकाणी करंट मोजून घ्या. एकदा स्टार्टरमध्ये येणाऱ्या लाईनवर आणि एकदा रिलेतून जाणाऱ्या तारेवर. दोन्ही सारखे आले तर काटा पाटीच्या आकड्यावर. रिलेच्या तारेत लाईनच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे ५८ टक्क्यांच्या आसपास आला, तर काटा ५८ टक्क्यांवर. १० एच.पी., १५ ॲम्पियरच्या मोटरीला तो ८.७ येतो. स्टार-डेल्टात सुरुवातीचा धक्का तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे फ्यूजही पाटीच्या दुपटीपर्यंत पुरतो.

रिले पडतो तेव्हा तो काय सांगतो

रिले पडला म्हणजे तो बिघडला, हे डोक्यातून काढून टाका. दहातल्या आठ-नऊ वेळा तो खरेच बोलत असतो. मोटर थंड होऊ द्या, रिलेची जोडपट्टी निवायला काही मिनिटे द्या, मग पुढची कारणे एकेक करून तपासा.

पहिले, व्होल्टेज. ४१५ च्या जागी ३५० च येत असतील तर ७.५ ॲम्पियरची मोटर ९ च्या आसपास करंट ओढते. रिले पडणारच. सगळ्यांनी एकदम मोटरी चालू केल्या की हे होते. ऑटो स्विचमुळे लाईट येताक्षणी डीपीवरच्या सगळ्या मोटरी एका वेळी धक्का मारतात, आणि डीपी जळाला तर गावाची पाळी चुकते. महावितरण ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगते, ते याच कारणाने. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापसात पाच-पाच मिनिटांचे अंतर ठरवले तरी फरक पडतो.

दुसरे, फेज. एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर पळत राहिली, तर उरलेल्या तारांत करंट पावणेदोन पटीपर्यंत जातो. मोटरी जळण्याचे हे फार मोठे कारण आहे. रिलेवर एकट्यावर भरवसा न ठेवता सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावा. तिन्ही फेज असले पण त्यांच्या व्होल्टेजमध्ये फरक असला तरी धोका असतो. व्होल्टेजमधला फरक ३ टक्के असेल तर करंटमधला फरक त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो. म्हणून करंट तिन्ही फेजचा मोजायचा.

तिसरे, केबल. नदीकाठी मोटर आणि स्टार्टर लांब असतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून ८ ॲम्पियर ३०० मीटर नेले तर वाटेतच २५ ते ३० व्होल्ट जातात. स्टार्टरपाशी ४०० दिसतात, मोटरीला ३७० च मिळतात. लांब अंतराला केबल जाड घ्यावी.

चौथे, पंप. बेअरिंग गेले, इंपेलरमध्ये गाळ-पालापाचोळा अडकला, ग्लँड फार आवळली, की मोटरीवर भार वाढतो. हाताने शाफ्ट फिरवून बघावा, अर्थात मेन स्विच पाडून आणि फ्यूज काढून खिशात ठेवूनच.

एक गोष्ट मात्र रिले सांगू शकत नाही. विहिरीचे पाणी संपले आणि पंप कोरडा पळू लागला, तर भार घटतो, करंट कमी होतो आणि रिले पडत नाही. सील आणि बेअरिंग मात्र जातात. त्यासाठी ड्राय रन प्रिव्हेंटर वेगळा लागतो.

आणि कपॅसिटरबद्दल. तो बसवावाच. ५ एच.पी.ला साधारण २ आणि ७.५ एच.पी.ला ३ केव्हीएआरचा लागतो. पण साध्या स्टार्टरमध्ये तो रिलेच्या पुढे, मोटरीच्या टोकांना जोडला, तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो. ११ ॲम्पियरची मोटर लाईनमधून साडेनऊच घेताना दिसते. मोटरीच्या आतला करंट तेवढाच असतो, रिलेला मात्र कमी दिसतो. म्हणून कपॅसिटर बसवल्यावर परत मोजून काटा तेवढा खाली आणावा. ही गोष्ट पुष्कळ वायरमनही विसरतात.

जाड तार जिवावर बेतते

आता फ्यूजकडे वळू. किटकॅटमध्ये केबलची तार, बांधकामाची बाइंडिंग तार, कधी तर खिळा बसवलेला मी पाहिला आहे. विचारले तर उत्तर ठरलेले, "सारखी तार जातीया, मग काय करायचं?"

फ्यूजसाठी कल्हई केलेली तांब्याची तार मिळते. तिची जाडी ठरलेली आहे. १५ ॲम्पियरला अर्धा मिलिमीटर, २० ला ०.६०, २५ ला ०.७५, ३० ला ०.८५ मिलिमीटर. अशी तार आपल्या आकड्याच्या साधारण दुप्पट करंटला वितळते. पीळ देऊन दोन-तीन पदर घातले की आकडा कुठल्याकुठे जातो.

त्याने काय होते बघा. समजा मोटरीचे वाइंडिंग बॉडीला लागले. अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. २४० व्होल्टला ५ ने भागले तर ४८ ॲम्पियर वाहतील. २० ॲम्पियरची योग्य तार ४० ॲम्पियरच्या आसपास वितळते, म्हणजे लाईन तुटेल. पण तिथे सव्वा मिलिमीटरची तार असेल तर ती ४५ ॲम्पियरची झाली, ती ९० च्या पुढे वितळणार. ४८ ॲम्पियरला ती ढिम्म हलत नाही. मोटरीच्या बॉडीत, पाइपात, ओल्या जमिनीत वीज खेळत राहते. पहाटे अनवाणी पायाने ओलीतून येऊन कुणी स्टार्टरच्या पेटीला हात लावला, तर पुढचे सांगायला नको. ती तार मोटर वाचवण्यासाठी नव्हती, त्या माणसासाठी होती.

अर्थिंग चांगले नसेल, रोध १० ओहम असेल, तर २४ च ॲम्पियर वाहतात आणि योग्य फ्यूजही वितळत नाही. म्हणून अर्थिंग आणि फ्यूज ही जोडी आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून प्रत्येक पक्क्या बसवलेल्या मोटरीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यायचा दंडक आहे, तो आजही कायम आहे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. जमले तर गळतीची वीज ओळखून तोडणारा ईएलसीबी बसवावा, जीव वाचवायला त्याच्यासारखे साधन नाही.

किटकॅटऐवजी एमसीबी बसवला तरी चालेल. मात्र तो मोटरीसाठीच्या सी किंवा डी प्रकारचा घ्यावा, आणि एमसीबी आला म्हणून रिले काढू नये. डीपीवरच्या फ्यूजला आपण हात लावायचा नाही, ते महावितरणच्या जनमित्राचे काम. आपल्या स्टार्टरमधले कामसुद्धा परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. झाकण उघडण्याआधी मेन स्विच पाडावा, एवढे तरी कटाक्षाने पाळावे.

ग्रामपंचायत आणि पाणी संस्थांसाठी

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणीपुरवठा संस्थांचे सचिव हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. शेतकऱ्याची मोटर जळाली तर एका शेताचे पाणी तुटते. नळपाणी योजनेची मोटर जळाली तर सगळे गाव घागरी घेऊन उभे राहते. तिथे मोटर चालू-बंद करणारा माणूस बदलत असतो. एकाने काटा फिरवला तर दुसऱ्याला कळत नाही.

पंपघराच्या भिंतीवर रंगाने चार ओळी लिहून काढा. मोटर किती एच.पी.ची आणि किती ॲम्पियरची. स्टार्टर साधा की स्टार-डेल्टा. रिलेचा काटा कितीवर. फ्यूज किती ॲम्पियरचा. एक वही ठेवा. स्टार्टर पडला की तारीख, वेळ, व्होल्टेज आणि तिन्ही फेजचा करंट लिहायचा. महिनाभराची नोंद बघितली की दोष पंपात आहे, केबलमध्ये आहे की लाईनमध्ये, हे कागदावर दिसते. व्होल्टेज कमी मिळते म्हणून महावितरणकडे तक्रार करायची झाली तर हीच वही तुमच्या बाजूने बोलेल.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक काळजी घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा, भोगावती, कृष्णाकाठच्या कितीतरी मोटरी आणि पेट्या पाण्याखाली गेल्या. पुरातून काढलेली मोटर नुसती वाळवून चालू करू नये. मेगरने इन्शुलेशन तपासावे, एक मेगओहमपेक्षा कमी आले तर वीज जोडू नये. आणि पाण्यात बुडालेला रिले धुऊन परत वापरू नये. जोडपट्टीत गाळ बसला की तो कितीला पडेल याचा भरवसा उरत नाही. पूर यायच्या आधी पेटी काढून ठेवताना काटा कितीवर होता ते लिहून ठेवावे.

शेवटी

२०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य सरकारच्या योजनेतून भरले जाते. बिल शून्य येते हे चांगलेच आहे. पण रिवाइंडिंगचे बिल शून्य येत नाही, आणि चुकलेली पाळी कोणतीही योजना भरून देत नाही.

म्हणून आज एवढेच करा. वायरमनला बोलवा, मेन स्विच पाडा, स्टार्टरचे झाकण उघडा. काटा कितीवर आहे ते बघा आणि पाटीशी ताडून घ्या. किटकॅटमधली तार काढून तिची जाडी बघा. काटा शेवटच्या आकड्यावर असेल तर तो तिथे कुणी आणि कधी नेला ते आठवा. बहुतेक वेळा एखाद्या अडचणीच्या रात्री नेलेला असतो आणि मग तसाच राहिलेला असतो.

भोगावतीकाठच्या त्या मोटरीचा रिले आता परत १०.५ वर आहे. रिवाइंडिंग होऊन मोटर बसली त्या दिवशी मी तिथे गेलो होतो. वायरमनने काटा लावला आणि थोरल्यांनी लाल रंगाने पेटीच्या आतल्या बाजूला आकडा लिहिला. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "आता साहेब आला तरी हलवायचा नाही."

तुम्हीही तसेच लिहून ठेवा.